आत्या एकदाच ‘बघते’ म्हणाली

माझ्या आत्याला तिच्या कामावर सगळे ‘झालंका’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ‘ताई’. पण ती दारातून आत शिरली की कुजबुज मोठ्या इस्त्रीपासून पिळायच्या मशीनपर्यंत धावत जाते, ‘झालंका आली, झालंका आली’, आणि जो तो हातातलं काम असं करायला लागतो, जणू जन्मल्यापासून तेच करत होता.

ती लाँड्रीत सुपरवायझर आहे. कोपऱ्यावर चार शर्ट टांगलेली असते ती लाँड्री नव्हे, हॉस्पिटलची. सकाळी गाडीभर मळक्या चादरी, अभ्रे आणि पेशंटचे गाऊन येतात, संध्याकाळी त्यांच्या घड्या होऊन परत जातात. माझी शाळा दोनला सुटते, घराची किल्ली आत्याकडे असते आणि आईबाबा सातच्या आत काही उगवत नाहीत. म्हणून दोन ते पाच मी तिथेच, शिवणकाकूंच्या मशीनशेजारी एका पालथ्या टोपलीवर बसून अभ्यास करते. म्हणजे वही मांडीवर असते, कान मात्र फिरायला गेलेले असतात.

आणि तिथे कानांची चंगळ आहे. मिस्त्रीकाका मशीनं दुरुस्त करतात. त्यांच्या तोंडात कायम एक स्क्रू धरलेला, त्यामुळे ‘झालंच समजा’ हे ‘झाओंच शमजा’ असं बाहेर पडतं. साहेबांचं कुठलंही वाक्य ‘त्या दृष्टीने’ वर येऊन बसकण मारतं. ‘आपण विचार करू, त्या दृष्टीने.’ पुढे काही नाही. कुठल्या दृष्टीने, ते त्यांच्या चष्म्यालाच ठाऊक.

आत्याला माझ्यासारखी नक्कल अजिबात येत नाही, पण माझा कान मला तिच्याकडूनच मिळालाय. मला आवाज ऐकू येतो, तिला शब्द. कोणी ‘करून टाकतो’ म्हणालं की ती म्हणते, “टाकू नका. करा.” कोणी ‘होऊन जाईल’ म्हणालं की, “आपोआप धूळ साचते. बाकीचं कोणीतरी करावं लागतं. कोण?” कोणी ‘सांगून ठेवलंय’ म्हणालं की, “कुठे ठेवलंय? कपाटात?” एकदा साहेब मोठ्या उत्साहाने ‘आपण हे करू या’ म्हणाले, तर हिने लगेच पेन काढलं. “आपण म्हणजे तुम्ही की मी?”

पण तिचा खरा राग एकाच शब्दावर. ‘बघतो.’

“बघतो म्हणजे डोळे उघडे आहेत एवढंच कळलं,” ती म्हणते. “हात कधी हलणार?”

तिची एक वही आहे. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे कागद जमवून तिने शिवणकाकूंकडून मधोमध टीप मारून घेतली आहे. कोणी काही कबूल केलं की ते त्या वहीत जातं, आणि ज्याचं त्याच्या शब्दांत जातं. यालाही कारण आहे. पूर्वी ती नुसतं ‘नळ, मिस्त्री, उद्या’ असं लिहायची. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मिस्त्रीकाका म्हणाले, “मी उद्या करतो कुठे म्हणालो, ताई? उद्या बघतो म्हणालो. बघितला. गळतोय.”

त्या दिवसापासून स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

रोज चार वाजता ती वही घेऊन निघते. ओरडत नाही, टोमणा मारत नाही. समोर उभी राहते आणि ज्याचं वाक्य त्यालाच वाचून दाखवते, स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सपाट आवाजात. “‘पट्टा काय, दुपारपर्यंत चढवतो की.’ झालं का?” आपलंच बोलणं असं बिनमिठाचं परत आलं की माणूस लाजतोच. झालं असेल तर ती ओळ खोडते आणि म्हणते, “हं.” बस्स. तेवढ्या ‘हं’साठी मिस्त्रीकाका एकदा जिन्यावरून धावत आलेले मी पाहिलेत.

मोठ्या इस्त्रीवरचे दादा एकदा सहज म्हणून गेले, “बायकोला ताप आहे. दोन दिवसांत उतरेल.” तेही वहीत गेलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता आत्या त्यांच्यासमोर. “‘दोन दिवसांत उतरेल.’ झालं का?”

“नाही उतरला, ताई.”

तिने त्यांना घरी पाठवलं आणि पाचपर्यंत स्वतः इस्त्रीवर उभी राहिली. पुढे रोज विचारायची. रोज. अकराव्या दिवशी दादा म्हणाले, “उतरला.” तिने ओळ खोडली, “हं” म्हणाली आणि पुढे गेली. दादा चादरींच्या ढिगाआड जाऊन डोळे पुसत होते. त्याची नक्कल मी करत नाही.

आता शिवणकाकू. हॉस्पिटलच्या कपड्यांत जे उसवतं, फाटतं, ज्याच्या नाड्या तुटतात, ते सगळं काकूंच्या मशीनखाली जातं. काकू आत्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, आवाज इतका बारीक की त्यांची नक्कल करायला मला श्वास अर्धा करावा लागतो. त्यांची जागा आतल्या कोपऱ्यात, गठ्ठे ठेवायच्या उंच फळीखाली. वरची ट्यूबलाईट मनात येईल तेव्हा डोळे मिचकावते. खिडकी सबंध हॉलमध्ये एकच. बाकीच्या भिंतींवर वाफेचे नळ. त्या एकुलत्या एका खिडकीपाशी आत्याचं टेबल आहे.

मध्यंतरी हॉस्पिटलमधून गाऊन परत यायला लागले. एकदा पाच, एकदा आठ. कोणाची नाडी टाक्यासकट हातात आलेली, कोणाची शिवण कापडाच्या शेजारूनच गेलेली. आत्याने काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, “परत असं होणार नाही.” ते वहीत गेलं. पुढच्या गाडीने नऊ गाऊन परत आले, आणि सोबत एक पत्र.

त्या गुरुवारी चार वाजता आत्या आमच्या कोपऱ्यात आली. मी टोपलीवरच होते.

“‘परत असं होणार नाही,’” तिने वाचलं. मग नेहमीप्रमाणे काही विचारायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. नऊ गाऊन काकूंच्या पुढ्यातच पडले होते.

“म्हटलं होतं खरं,” काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसलेलाच होता.

साहेबांची केबिन म्हणजे प्लायवुडच्या तीन भिंती, त्याही छताला न पोचलेल्या. आत जे बोलतात ते बाहेर बसून ऐकावं लागत नाही, आपोआप वरून पडतं. साहेब म्हणत होते, “शिवण आपण बाहेर देऊ. बाईंना सोमवारपासून मळके कपडे वेगळे करायला बसवा. तुम्ही रिपोर्ट द्या. निष्काळजीपणा, वय, नजर, त्या दृष्टीने.”

मळके कपडे वेगळे करणं म्हणजे दिवसभर हातमोजे घालून रक्ताच्या, औषधांच्या चादरी निवडायच्या. त्यात वाईट काही नाही, पण काकूंनी बावीस वर्षं सुई धरलेली. ऐकत होत्या त्याही. त्यांनी मशीनवर कापडाचं आच्छादन घातलं आणि ते चारी बाजूंनी नीट ओढलं, शाळेत जाणाऱ्या पोराचा शर्ट ओढावा तसं.

आत्या केबिनमधून बाहेर आली. “उद्या देते रिपोर्ट,” ती आत म्हणून आली होती, आणि ते तिने चालता चालता वहीत लिहिलं.

शुक्रवारी साडेतीनला चहाची सुट्टी झाली. आत्या हॉस्पिटलच्या गाडीपाशी गेली होती. दादा म्हणाले, “ए, झालंकाची कर ना.” ही फर्माईश रोजचीच. मी टोपलीवर चढले. आधी साहेब केले, मग मिस्त्रीकाका आणि त्यांच्यासमोर आत्या. स्वतःची नक्कल बघून मिस्त्रीकाकांना एवढं हसू आलं की स्क्रू चहात पडला. “शमजा काय, मी असा बोलतो?” ते म्हणाले. खरंच तसेच म्हणाले.

सगळे हसत होते. काकू नव्हत्या हसत. त्या आपल्या कोपऱ्यात झाकलेल्या मशीनसमोर बसल्या होत्या, चहा गार होत होता. मला वाटलं, ह्यांचंच काहीतरी करावं, हसतील. माझ्या डोक्यात आवाज साठवलेले असतात, हात घातला की जो येईल तो. त्या दिवशी हा आला.

मी श्वास अर्धा केला. “ताई, माझं मशीन जरा उजेडाला घेता येईल का हो? पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही मला.”

मग वळले, हातांत नसलेला गाऊनचा ढीग हनुवटीने दाबला आणि आत्या झाले. “बघते हं, काकू.”

एकच हशा पिकला. मिस्त्रीकाका मांडीवर थापा मारायला लागले. “झालंका आणि ‘बघते’? काहीतरीच! पोरगी आता पदरचं घालायला लागली.”

“पदरचं नाही!” मला रागच आला. माझ्या नकलेत मी आवाज मोठा करेन, तोंड वाकडं करेन, पण शब्द बदलत नाही. “आईशप्पथ, असंच म्हणाली होती. मी इथेच बसले होते.”

हसणं अचानक थांबलं, आणि ते माझ्यामुळे थांबलं नव्हतं. मी मागे पाहिलं. आत्या दारात उभी होती. हातांत खरोखरच गाऊनचा ढीग.

तिने तो टेबलावर ठेवला. “कधी म्हणाले मी?”

“ते... मोठ्या मशीनचा पट्टा तुटला ना, त्या दिवशी.”

तिने वही काढली आणि पानं मागे मागे उलटत गेली. तीन महिने मागे. पट्टा तुटल्याचा दिवस सापडला. पान गच्च भरलं होतं. पट्टा होता, मिस्त्रीकाकांचं ‘दुपारपर्यंत चढवतो की’ होतं, साबणवाल्याचं ‘गाडी निघालीच आहे’ होतं. तिने ते बोटाने वरून खाली वाचलं, मग खालून वर.

“काकू, मी म्हणाले होते?”

“म्हणाला होतात.” काकू उठून उभ्या राहिल्या होत्या, जणू गुन्हा त्यांचाच. “पण तुम्ही कामात होतात, ताई.”

“मग परत का नाही विचारलंत?”

काकूंनी मशीनवरचं आच्छादन उगाच सारखं केलं. मग त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं. तुम्ही कधी काही विसरत नाही. मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल आणि जमत नसेल. मग कशाला सारखं तोंड वेंगाडायचं?”

आत्या खाली बसली. कुठे, तर माझ्या टोपलीवर. तिला अशी मटकन बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं, खिडकीपाशी असलेल्या स्वतःच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ऊन पसरलेलं होतं आणि तिची पाण्याची बाटली त्या उन्हात मजेत उभी होती.

“दुसरी खिडकी नाही ना इथे,” ती म्हणाली. “म्हणूनच लिहिलं नसेल मी.”

मग तिने पेन काढलं आणि त्या जुन्या पानाच्या तळाशी, उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं: ‘बघते हं, काकू.’ पुढे लिहिलं: मी.

रिपोर्ट तिने त्याच टोपलीवर बसून लिहिला आणि केबिनमध्ये नेऊन दिला. हॉलमध्ये चहाचा एक कप वाजत नव्हता. वरून साहेबांचा आवाज पडला.

“हे काय? ‘कारण : शिवणाऱ्यांनी उजेड मागितला होता. मी बघते म्हणाले आणि पाठपुरावा केला नाही.’ ताई, असं कारण लिहितात का कुठे?”

“झालं तेच लिहिलंय.”

“अहो, पण हे वर जाणार. तुमच्या नावावर बसेल, त्या दृष्टीने.”

“बसू दे. माझंच आहे. मला एक आठवडा द्या. एक जरी गाऊन आमच्या शिवणीमुळे परत आला, तर शिवण बाहेर द्या आणि मला काय करायचं ते करा.”

“बरं, बघू,” साहेब म्हणाले.

“बघू नका, साहेब. आठवडा दिला की नाही, ते सांगा.”

“दिला! दिला! लिहून घ्या तुमच्या त्या वहीत.”

घरी जाताना मी गप्प होते. मी गप्प म्हणजे बातमीच. रस्ता ओलांडताना आत्याने माझा हात धरला, मी नववीत असूनही, आणि मी तो सोडवला नाही. घरी आल्यावर ती कपडे घडी करायला बसली. दिवसभर हजार घड्या घालून घरी परत घड्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“परत एकदा कर,” ती म्हणाली.

“काय?”

“मी कशी म्हणाले ते. जसंच्या तसं.”

मी हनुवटीने हवेतले गाऊन दाबले. “बघते हं, काकू.”

तिने घडी अर्ध्यावर सोडली. “एवढं गोड म्हणाले होते मी?”

“हो.”

“म्हणून थांबल्या त्या,” ती म्हणाली. “तोंडावर नाही म्हटलं असतं तर निदान भांडल्या असत्या.” मग उशीचा अभ्रा माझ्या डोक्यावर घातला आणि वरून एक टपली मारली. “कान मात्र भारी आहे हां तुझा. गणितात कुठे जातो?”

शनिवारी अर्धा दिवस असतो, पण मिस्त्रीकाका चारपर्यंत थांबले. खिडकीपाशी मशीनसाठी विजेचा पॉइंट ओढायचा होता. शुक्रवारी जाताना ते ‘झाओंच शमजा’ म्हणाले होते, आणि आत्याने वही उघडायच्या आत त्यांनी तोंडातून स्क्रू काढून खिशात टाकला आणि स्वच्छ उच्चारात म्हटलं, “उद्या करतो. मी. चारच्या आत.” म्हणजे माणूस बोलू शकतो. इतकी वर्षं नुसता आळस.

दादा आणि मिस्त्रीकाकांनी आत्याचं टेबल उचलून फळीखाली नेलं आणि काकूंचं मशीन खिडकीपाशी आणलं. सोमवारी मी शाळेतून गेले तर माझी टोपलीही खिडकीपाशी आलेली. काकू शिवत होत्या. पांढऱ्या कापडावर उन्हात पांढरा दोरा वेगळा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कापड दुधासारखं आणि दोरा जरा निळसर. काकूंनी सुईत दोरा ओवला, पहिल्या फटक्यात, आणि माझ्याकडे पाहून अशा हसल्या की मी काहीच नक्कल केली नाही तरी चाललं.

आत्या फळीखालच्या कोपऱ्यात डोळे बारीक करून वही वाचत होती. ट्यूबलाईट तिला डोळा मारत होती. चार वाजायला आले तशी ती उठली, आमच्याकडे आली आणि वही काकूंच्या मशीनवर ठेवली.

“बाकीच्यांचं मी वाचते, काकू. माझं तुम्ही वाचायचं. इथून पुढे.”

“अहो, मी कशी विचारू तुम्हाला?”

“मी त्यांना विचारते तसं. नाहीतर मी चुकले तर मला कोण सांगणार? ही कार्टी नेहमी थोडीच टोपलीवर असणार आहे?”

काकू एकदम तांबड्यालाल झाल्या. आत्या मात्र हटली नाही. फळीखाली जाऊन आपल्या टेबलामागे उभी राहिली, दोन्ही हात समोर बांधून, मिस्त्रीकाका उभे राहतात तशी. घड्याळात चार वाजले. दादांनी इस्त्री वर उचलून धरली. काकू वही छातीशी धरून हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी मोजलं, एकोणीस पावलं. त्यांनी पान उघडलं.

“‘बघते हं, काकू,’” त्यांनी वाचलं. आवाज बारीकच, पण सपाट. अगदी घोषणेसारखा. मग थांबल्या. “झालं का?”

“झालं,” आत्या म्हणाली. “उशीर झाला. पण झालं.”

काकूंनी कानामागची पेन्सिल काढली आणि ती ओळ एकदा, हळूच, टीप मारल्यासारखी सरळ खोडली. वही मिटली.

“हं,” त्या म्हणाल्या.

मी जवळजवळ टोपलीवरून पडले. तोच ‘हं’! आत्याचा ‘हं’, नाकातून निघणारा, शेवटी किंचित खाली बसणारा. मी दोन वर्षं घासतेय त्यावर आणि मला अजून नीट जमलेला नाही. काकूंनी पहिल्या फटक्यात काढला. मिस्त्रीकाकांनी टाळी वाजवली, आणि आत्या, जिने तो ‘हं’ आयुष्यभर दुसऱ्यांना वाटला, ती स्वतःला पहिल्यांदा मिळालेला ‘हं’ घेऊन तिथेच उभी राहिली. काय करायचं त्याचं, तिला कळेना. शेवटी मान खाली घालून ती उगाचच टेबल पुसायला लागली.

आठवड्याच्या शेवटी हॉस्पिटलची गाडी आली. परतीच्या गठ्ठ्यात एकच गाऊन होता. आत्याने तो ट्यूबलाईटखाली उलटासुलटा केला, काही दिसेना, म्हणून खिडकीपाशी आली. ती आणि काकू दोघी डोकी जोडून त्या नाडीवर वाकल्या.

“कात्रीने कापलीय,” काकू म्हणाल्या. “उसवलेली नाही. हे बघा, माझा टाका शाबूत आहे. त्यांनीच घाईत कापली.”

आत्याने टाक्यावरून अंगठा फिरवला, ओढून पाहिला, परत ओढला. मग तो गाऊन खांद्यावर टाकून ती केबिनकडे निघाली, आणि प्लायवुडच्या भिंतींवरून तिचा सपाट आवाज बाहेर पडला.

“‘दिला, दिला, लिहून घ्या तुमच्या त्या वहीत.’ साहेब, आठवडा झाला. शिवण इथेच राहणार ना?”

आत खुर्ची करकरली. मग साहेब म्हणाले, “राहील.” आणि पुढे ‘त्या दृष्टीने’ नव्हतं.